सुभेदाराच्या रानातली वाट

बसा रं बसा. सायकली त्या बाभळीला लावा, चाकं काट्यापास्नं लांब ठेवा, आन पाठ टेका. राहीमावशी, पाच कप च्या ठेव गं, आन पयलं ह्यास्नी पाणी दे. सांगलीवरनं आल्यात, विश्रामबागेतनं तांबडं फुटायच्या आदी निगाल्यात, तोंडं बग कशी झाल्यात, भाजल्या वांग्यावानी.

व्हय सोपान, हितनं अजून दीड मैल. न्हाई न्हाई, डांबरी हितंच सोडायची. ही म्होरं शाळवात घुसलीया न्हवं, तीच वाट. दोन माणसं जोडीनं चालतील येवढी, जास्ती न्हाई. हसू नगंस. हुरडा खायाला आलायस न्हवं? मंग ऐक. ह्या वाटंवर पाय ठेवायच्या आदी सांगायलाच पायजे, न्हाईतर तुमी सायकली पिकात आडव्या घालून बिड्या वडत बसशीला आन सुभेदार माजं थोबाड फोडंल. मी बी दमलोय गड्या. सकाळधरनं दुदाच्या दोन खेपा झाल्या, मांड्या भरून आल्यात, पर सांगतो. च्या हुईस्तवर सांगतो.

तुमाला ठावं हाय, भात्तरला मी कालेज सोडून हिकडं आलो. तुमी तवा म्हणाला व्हता, म्हैनाभरात येतोय बगा गुंडा माघारी. आलो न्हाई. येणार कशानं? इहिरीत चिमणीला चोच बुडवायला पाणी न्हवतं. आमची वाडी चाळीस उंबऱ्याची, कवठे महांकाळच्या ह्या अंगाला समदं कोरडवाहू, आन वाडीला रस्ता म्हंजी एक गाडीवाट, ती वड्याला वळसा घालून पाच मैलानं डांबरीला लागायची. पाच मैल रं! आजारी माणूस न्यायचा तरी पाच मैल, मिठाचा पुडा आणायचा तरी पाच मैल. पोस्टमन आटवड्यातनं एकदा यायचा, त्यो बी आला तर.

दुस्काळात ह्या डांबरीवर खडी फोडायचं काम निगालं. समदी वाडी कामावर. पाच मैल चालायचं, दिसभर हातोडा मारायचा, परत पाच मैल चालायचं. दोन दिस केलं. तिसऱ्या दिशी बायका म्हणाल्या, आमी काय येड्या हाय व्हय, रानं मोकळी पडल्यात, सरळ जाऊ. आन गेल्या. डोस्क्यावर पाट्या, काखंत पोरं, बांधाबांधानं, गायरानातनं, आन मदी सुभेदाराच्या रानातनं सरळ रेघ मारल्यावानी. कोण आडवणार? रानात व्हतं काय? ढेकळं. तेरा म्हैनं, रोज शंभर-सव्वाशे माणसं. कुणी कुदळ मारली न्हाई, कुणी मुरूम टाकला न्हाई. दमल्या पायांनी क्येलेली वाट हाय ही. सांजचं माघारी यायचो तवा कुणी कुणाशी बोलायचं न्हाई, नुसता फुफाट्यात पायांचा आवाज, फस् फस् फस्. अजून कवा कवा झोपंत ऐकू येतो मला.

तवाच राहीमावशीनं हितं तीन दगडं मांडून च्या सुरू क्येला. मावशी बौद्धवाड्यातली. पयलं पयलं आमच्यातली काय माणसं हितं टेकायची न्हाईत. लांब उबी ऱ्हायची. मंग उनानं डोळं पांढरं व्हायला लागलं तवा टेकली.

"टेकली, आन आता उटंनात," म्हणती बगा मावशी. ऐकतीया सगळं.

तर दुस्काळ सरला. त्र्यात्तरला पाऊस झाला, खडी बंद झाली, पर वाट काय बंद झाली न्हाई. उलट आता कुटं तिचा खरा उपेग सुरू झाला. हितं डांबरीवर दुदाची गाडी यायला लागली, बरोबर नवाला. गाडीवाटंनं पाच मैल दूद आणलं की अर्ध्या वेळा नासायचं, म्हणून आमच्यात कोण दूद घालायचंच न्हाई, घरात जेवढं खपंल तेवढं. मी एक जुनी सायकल आणली, मागं दोन क्यानं बांदली, आन ह्या वाटंनं वीस मिन्टात डांबरीवर! धारा काढल्या की बायका क्यानापाशी उब्या. ज्येंच्याकडं एक शेळी व्हती त्येंनी म्हस आणली. वाडीतल्या अकरा पोरी हायस्कुलात जायाला लागल्या, अकरा, मोजून, आदी एक बी जात न्हवती. आन पोस्टमन दिसाआड यायला लागला, सायकलची घंटी वाजवत. आन माजं सांगायचं तर, ही वाट न्हाई तर दूद न्हाई, आन दूद न्हाई तर मी इचलकरंजीला मागावर. चुलतभावानं जागा धरूनच ठेवली व्हती. आई हितं एकली, आन मी तितं धा बाय धाच्या खोलीत आट जणांत. म्हणून सांगतो, ह्या वाटंवर माजा जीव टांगला व्हता.

आता सुभेदार. त्यो येकटा सुभेदार हाय आमच्यात, नाथाजी सुभेदार. पलटणीत चोवीस वर्सं काढली, पेन्शन हाय, मिशा अशा की कोपऱ्यावर लिंबू ठिवावं. त्येंचं रान बरोबर मदी. एका अंगाला वड्याची घळ, दुसऱ्या अंगाला इहीर, म्हंजी वाट फिरवून न्यायची म्हटली तरी जागा न्हाई. जायाचं तर त्येंच्याच रानातनं, मदनंच.

गणपती उटले, शाळू पेरायचे दिस आलं, तवा सुभेदार हितं च्या प्यायला आलं आन समद्यांच्या देखत म्हणालं, "औंदा माजं रान मी सलग पेरणार हाय. वाट बंद."

धुळा, माजा दोस्त, मेंढरावाला, त्यो तेवडा बोलला, "आवं तात्या, पाऊलभर तर वाट हाय."

"आज पाऊलभर," सुभेदार म्हणालं. "उद्या बैलगाडी घालशीला. परवा सरकार येऊन दोरी धरंल आन डांबर वतंल. माज्या रानाचं दोन तुकडं. दुस्काळात मी न्हाई म्हणलो का? न्हाई. माणसं मरत व्हती. आता कोण मरतंय?"

खोटं काय बोलला सांगा. रान त्येचं. मी म्हणालो, "तात्या, दूद..." तर माज्याकडं बगितलं न् म्हणालं, "गुंडा, मला इचार करू दे. दसऱ्याच्या आदी सांगतो."

आता हितं मी गप बसायला पायजे व्हतं. इचार करतो म्हणलं व्हतं माणूस. पर मला कुटं दम! दोन रात्री डोळा लागला न्हाई. तिसऱ्या दिशी धुळाला म्हणालो, "सुभेदार माणसाला भीत न्हाई, पर देवाला हात लावत न्हाई."

धुळा म्हणाला, "मंग?"

"मंग काय. वाटंवर देव बसवू."

त्यो म्हणाला, "आयला गुंड्या!" आन हसला. आन मी बी हसलो. लय भारी डोस्कं चालीवलं असं वाटलं मला.

बाजाराचा दिस व्हता. समदी वाडी कवठ्याला. भर दुपारी, कुत्रं बी सावलीला, आमी दोगांनी वड्यातला एक गुळगुळीत धोंडा उचलला, सायकलच्या क्यारेजला बांदला, सुभेदाराच्या रानात वाटंच्या बरोबर मदी पुरला अर्धा, आन त्येला तेलात कालवलेला शेंदूर फासला. दोन फुलं ठेवली. एक नारळ फोडला आन खोबरं खाल्लं. झालं. कोण कुळव घालतोय बगू आता!

हसताय? मी बी हसत व्हतो. दोनच दिस.

सांजचं बाजारावरनं बायका आल्या, म्होरं बनूआज्जी. वाडीतली सगळ्यात म्हातारी. तिनं बगितलं, पाटी खाली ठिवली आन म्हणाली, "म्हसोबा परगटला! मला चार दिसाखाली सपनात आला व्हता." आता तिला काय सांगू, आज्जे, माज्या क्यारेजवरनं आलाय त्यो?

दुसऱ्या दिशी नियम सुरू. वाणा पायातनं काडायच्या. बरं, काडल्या. तिसऱ्या दिशी, चाक देवाम्होरनं न्यायचं न्हाई. म्हंजी काय? म्हंजी सायकलीवरनं उतरायचं, आन वाट सोडून रानात शिरून, वळसा घालून जायाचं. कुळवल्या भुसभुशीत रानात दोन भरली क्यानं बांदलेली सायकल ढकला जरा, मंग कळंल. चाक घोट्याएवडं रुतायचं. पयलं एक पळी दूद देवाला. मंग पोरींच्या आया म्हणाय लागल्या, आवं म्हैन्याच्या दिसात देवावरनं कशी धाडायची पोर? आज ही घरात, उद्या ती घरात. आटवडा झाला न्हाई तर अकराच्या चारच पोरी शाळंला. पोस्टमन चांगला माणूस, पर त्यो म्हणाला, मला पायताण काडायचं आन वळसा घालायचं जमत न्हाई, माजं गुडगं गेल्यात, मी आपला आटवड्यातनं एकदा गाडीवाटंनं यीन.

कळतंय का? जी वाट वाचवायला देव आणला, त्या देवानंच वाट आडवली. सुभेदारानं नांगर घालायच्या आदीच निम्मी वाट आमी बंद क्येली, आपल्या हातानं. आन सुभेदार? सुभेदार रोज सकाळी यायचं, हात पाटीमागं बांदून त्या धोंड्याकडं बगायचं, आन काय न बोलता जायाचं.

आन मंग कुणीतरी मावशीला म्हणालं. नाव सांगत न्हाई, मेलाय त्यो आता. म्हणालं, राहीबाई, तुमच्या वाड्यातल्या माणसांनी जरा त्या देवाजवळनं जाऊ नका, गाडीवाटंनं जावा.

त्या दिशी मी दूद घालून हितं टेकलो. लय दमलो व्हतो, गुडग्यापतुर चिखल. मावशीनं मला च्या दिला न्हाई. म्होरं येऊन उबी ऱ्हायली आन माज्या सायकलीच्या क्यारेजकडं बोट क्येलं.

"गुंडा, तुज्या क्यारेजला हे तांबडं कशाचं रं?"

मी बगतोय तर शेंदूर. दांडीला, दोरीला, माज्याच हाताचा. सात दिस तसाच. कुणाच्या ध्यानात आलं न्हवतं, मावशीच्या आलं.

मी म्हणालो, "मावशे, कसलं तांबडं..."

"गप." तिचा आवाज चढला न्हाई बगा, उतरला. "मी नवी नवरी व्हते तवा छप्पनला माज्या सासऱ्यानं घरातलं समदं देव गठुड्यात बांदलं आन वड्यात सोडलं. माज्या सासूनं तोंडात पदर घातला व्हता, पर सोडलं. त्येच्यानंतर आमच्या वाड्याला कुणी आडवं आलं न्हाई असं न्हाई. पर देव आडवा आला न्हवता. आन तू एक नवा घडवून माज्या वाटंवर आणून बसीवलास? माजी पोर त्याच वाटंनं शाळंत जाती. ती आता कुटनं जाऊ दे, सांग. पाच मैलानं?"

मला वर बगवंना. मावशी, खरं हाय का न्हाई? बगा, मान हलवती. तवा लय शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

मी हितनंच निगालो. धुळाला सुदीक बोलावलं न्हाई. भर सकाळी, समदी वाडी जागी, मी त्यो धोंडा उकरला. बनूआज्जी बोंबलत आली, "मुडद्या, हात झडतील!" मी म्हणालो, "आज्जे, मीच बसीवला, मीच काडतो. माजं हात झडू देत." ती मट्कन खाली बसली. समदी गोळा झाली. मी धोंडा क्यारेजला बांदला आन सरळ सुभेदाराच्या दारात.

सुभेदार अंगणात कुरी नीट करत व्हतं. कुरी म्हंजी पेरायचं आवजार रं, खाली फणं, वर लाकडाचं चाडं, वाटीवानी. म्होरं गडी बैल हाकतो, मागं बाई चालती, ती चाड्यात मुटीमुटीनं बी सोडती, ते नळ्यातनं तासात पडतं. तुमा शेरातल्यांस्नी सांगायला लागतंय. त्येंची बायकू साळूकाकी शेजारी बसून बी निवडत व्हती. 

मी धोंडा ठिवला आन समदं बोललो. एका दमात. दूद, इचलकरंजी, बाजार, शेंदूर, समदं. सुभेदार ऐकत व्हतं. मंग पाचर खाली ठिवली.

"मला ठावं व्हतं," म्हणालं. "देव येतो तवा मागं चाकाचा माग ठिवत न्हाई."

मी दोरी गुंडाळाय लागलो.

"मी वाट सोडायच्या इचारात व्हतो, गुंडा. ही," साळूकाकीकडं मान केली, "ही चार दिस मागं लागली व्हती. पर तू मला देवाचं भ्या घातलंस. चोवीस वर्सं पलटणीत काढली मी. बरफात काढली. आन तू मला धोंड्याचं भ्या दाखीवतोस? समोर येऊन मागितलं आसतंस, तात्या, वाट द्या, तर..." पाचर उचलली, ठोकली. "जा. उद्या कुरी घालणार. सलग."

मी साळूकाकीकडं बगितलं. ती खाली मान घालून बी निवडत व्हती. तिचा पोरगा लालासाहेब, येकुलता, पलटणीतच हाय, लडाकला. लडाई संपून दोन वर्सं झाली तरी तिकडनं कागूद आला की घरात दिवाळी. आन कागूद कोण आणायचा? पोस्टमन. कुटनं? ह्याच वाटंनं, दिसाआड. पर ती सुभेदाराम्होरं कवा चढ्या आवाजात बोलली न्हाई. तवा बी बोलली न्हाई.

दुसऱ्या दिशी समदी वाडी बांधावर. कुणी बोलावलं न्हवतं. नुसती उबी. पोरी दप्तरं घेऊन, मावशी डोस्क्यावर घागर घेऊन, मी सायकल धरून. आडवायला कोण आलं न्हवतं गड्या. दमलो व्हतो समदी. तेरा म्हैनं खडी, मंग पाऊस, मंग ह्यो धोंडा. म्हटलं, बगावं तरी जाताना. मढं न्हेताना उबं ऱ्हात्यात तसं.

सुभेदारानं बैलं जुपली. त्येनी स्वता हाकली, गडी न्हाई लावला. मागं साळूकाकी, वटीत बी. आदी कुळव फिरवला, दोनदा, वाट गेली. तेरा म्हैन्याची वाट, अर्ध्या तासात. मंग कुरी लागली. ह्या बांधापास्नं त्या बांधापतुर, वाटंवरनं आडवी. सुभेदाराची नजर बैलावर, तास सरळ जावं म्हणून. आमची नजर कुटंच न्हाई. माजी फकस्त काकीवर, कारण मला सुभेदाराकडं बगवत न्हवतं.

आन मी बगितलं.

काकी चालतीया, मूट चाड्यावर, बोटातनं बी सुटतंय, सुर्रसुर्र. वाट जितं व्हती तितं आली. आन मूट मिटली. दोन पावलं. नुसती चालली, हात चाड्यावर तसाच, पर मूट घट्ट. दोन पावलं झाली, मूट उगडली. सुर्रसुर्र.

मला वाटलं माजं डोळं फिरलं. म्होरच्या तासाला परत बगितलं. तितंच आली, मूट मिटली. दोन पावलं. उगडली. तिसऱ्याला तेच. वाट तर पुसली व्हती, खूण काय न्हाई, पर तिला बरोबर कळत व्हतं. तेरा म्हैनं चालली व्हती ती बी. सुभेदारीण खडी फोडायला जात न्हवती, पर डांबरीकडच्या गुरांच्या छावणीतल्या बैलांना भाकरीचा तुकडा घेऊन रोज जायाची. पायाला ठावं व्हतं.

समदं रान असं पेरलं. पंचावन्न-साट तास असतील. पंचावन्न-साट वेळा मूट मिटली. मी कुणाला बोललो न्हाई. शेजारी धुळा उबा व्हता, त्येला बी न्हाई. तोंडावर हात धरून ऱ्हायलो. आज पयल्यांदा तुमाला सांगतोय. मावशी, तू बी आत्ता ऐकलंस, आता कुणाला बोलू नगंस.

म्होरचं नऊ दिस कसं काढलं माजं मला ठावं. गाडीवाटंनं पाच मैल, चढाला सायकल ढकलत. दोनदा गाडी चुकली. दोनदा दूद नासलं, बायकांनी क्यान उगडून वास घेतला आन वतून दिलं. तीन घरांनी दूद बंद क्येलं. पोरी घरात. पोस्टमन आलाच न्हाई. मी आईला म्हणालो, पिशवी भर, दिवाळीनंतर इचलकरंजी. तिनं भरली बी. दोन सदरं आन एक पितळी तांब्या.

सुभेदार हितं च्याला यायचं बंद झालं. पर सकाळी त्येंच्या बांधावर उबं ऱ्हायचं. डांबरीकडं तोंड करून. मी लांबनं बगायचो. ते पीक बगत न्हवतं. डांबरीवर सायकल दिसती का, ते बगत व्हतं.

नवव्या दिशी शाळू वर आला. हिरवं हिरवं, सुईवानी. आन मदी, सरळ, ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर, एक पट्टा काळा. दोन पावलं रुंद. जशी व्हती तशी.

वाडी धावली. बनूआज्जी म्हणाली, "बगा, म्हसोबाचा कोप!" कोण म्हणालं, मुंग्यांनी बी न्येलं. कोण म्हणालं, पायानं जमीन दगड झालीया, उगावणार कशी. सुभेदार आलं. बांधावर उबं ऱ्हायलं. लय येळ. त्येनी त्या टोकापास्नं ह्या टोकापतुर नजर फिरवली. मंग हळूच मान वळवून साळूकाकीकडं बगितलं. काकी पदराखाली हात घेऊन उबी. मूट मिटलेली का उगडी, दिसली न्हाई.

आता ऐका. पीक कमी उगवलं की शेतकरी काय करतो? नांग्या भरतो. म्हंजी जितं फट पडली तितं हातानं परत बी टोकतो. एक-दोन दिसात कुणी बी करतं. सुभेदार तर पट्टीचा शेतकरी, त्येंच्या रानात एक दाणा चुकला तर झोप न्हाई.

"तात्या," धुळा म्हणाला, "नांग्या भरायच्या का? मी येतो हाताखाली."

सुभेदार म्हणालं, "बी संपलंय."

येवडंच. आन खाली उतरून त्या काळ्या पट्ट्यावरनं चालायला लागलं, हात पाटीमागं बांदून, सरळ, परेडवर चालल्यावानी. त्या टोकाला गेलं. वळलं. परत आलं. भुसभुशीत व्हती माती, पायांचं ठसं उटलं. घरात बियाची दोन पोती व्हती, आमी समद्यांनी बगितलं व्हतं.

मावशीची पोर पयली उतरली मागनं. मंग बाकी.

त्यो धोंडा? त्यो बांधावर लिंबाखाली ठिवलाय, वाटंपास्नं लांब. बनूआज्जी रोज पाणी घालती. ज्येला जायाचं त्येनं जावं, ज्येला न्हाई त्येनं न्हाई. पिशवी आईनं परत रिकामी क्येली. पितळी तांब्या बी फडताळात गेला.

च्या झाला? चला उटा, पाय आकडलं आसतील तर हळूहळू. दीड मैलच हाय, म्हणता म्हणता... ए सोपान, उबा ऱ्हा, बिडी इजव. ते बग, शाळवातनं कोण आलं. रोज ह्या येळंला येत्यात, पोस्टमनची वाट बगायला. म्हणायचं तेवडं, मावशीचा च्या चांगला असतो म्हणून येतो.

"तात्या, माजं दोस्त हायत. सांगलीचं. हुरडा खायाला आल्यात."

"दिसतंय. सायकली हातात धरून न्या रं. आन एकामागं एक चला, रुंदी वाढवू नगा. राहीबाई, कागूद आला का?"

"न्हाई आला, तात्या. बसा, येईल."